करंजाची सावली

चैत्र लागला की कुंभिवलीच्या आसपासचे डोंगर उघडे पडतात. साग तर त्याच्या आधीच बोडका झालेला असतो. सावर, पळस, ऐन यांच्या फांद्यांवर पान शोधावे लागते. खालापूर आणि कर्जत तालुक्यांतले आपले रान हे मुख्यतः पानगळीचे रान आहे. पाणी वाचवण्यासाठी झाडे पाने टाकतात. त्यांच्या दृष्टीने तो शहाणपणाच आहे. पण माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर सावलीची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवसांत आपल्या रानातली सावली रजेवर जाते.

अशा वेळी ओढ्याकाठी किंवा रस्त्याकडेला एखादे झाड ताज्या, तुकतुकीत, पोपटी पानांनी भरलेले दिसते. जवळ गेले की खाली पांढऱ्या-जांभळट बारीक फुलांचा सडा पडलेला असतो आणि वर मधमाश्यांची गुणगुण चालू असते. हा आपला करंज. आजचा लेख त्याच्याविषयी आहे.

आरोग्याच्या सदरात झाडाचे कौतुक कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. गेली पंचवीसएक वर्षे मी या भागात दवाखाना चालवतो. मार्च ते जून या काळात चक्कर, पायात गोळे, उलट्या, डोकेदुखी, लघवीची जळजळ अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. वीटभट्टीवरचे कामगार, गवंड्याच्या हाताखालच्या बाया, शेताची भाजणी करणारे शेतकरी, एस.टी.ची वाट पाहत तासभर उन्हात उभे राहिलेले म्हातारे, दुपारच्या लग्नाहून परतलेली वऱ्हाडी मंडळी. त्यांच्यापैकी पुष्कळांना औषधाच्या आधी सावली मिळाली असती, तर दवाखान्याची पायरी चढावीच लागली नसती. म्हणून सावली देणारे झाड हा माझ्या मते डॉक्टरच्या अभ्यासाचा विषय आहे.

झाडाची ओळख

करंजाला शास्त्रीय भाषेत पोंगामिया पिन्नाटा म्हणतात. तूर, मूग, वाल यांच्याच मोठ्या कुळातले हे झाड आहे. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतील जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. त्यामुळे हलक्या, नापीक जमिनीतही ते तग धरते. साधारण पन्नास-साठ फुटांपर्यंत वाढते. फांद्या खाली झुकणाऱ्या, घेर डेरेदार. एका देठावर पाच किंवा सात पर्णिका, वरून चकचकीत. शेंग चपटी, टणक आणि दिवाळीतल्या करंजीच्या आकाराची. तिच्यात बहुधा एकच बी असते.

करंज सदाहरित म्हणून ओळखला जातो. काटेकोरपणे बोलायचे, तर तोही वर्षातून एकदा जुनी पाने टाकतो. परंतु त्याचे उघडेपण थोड्याच दिवसांचे असते. जुनी पाने पडतात न पडतात तोच नवी पालवी फुटते आणि उन्हाळा ऐन भरात येईपर्यंत झाड पुन्हा दाट झालेले असते. त्याच सुमारास फुलोरा येतो. शेजारचा गुलमोहर आठवून पाहा. तो मूळचा मादागास्कर बेटावरचा. मे महिन्यात पेटल्यासारखा फुलतो, डोळे दिपवतो, यात वादच नाही. पण मार्च-एप्रिलच्या उन्हात त्याच्या खाली उभे राहिले तर डोक्यावर नुसत्या काटक्या आणि लोंबणाऱ्या शेंगा असतात. गुलमोहराचे फोटो निघतात. करंजाचे फोटो कोणी काढत नाही. त्याच्याखाली गाडी लावतात, बैल बांधतात, डबा खातात.

खोपोलीपासून खारपाड्यापर्यंत

या झाडाचे खरे कौतुक वाटते ते त्याच्या सोशिकपणाचे. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या कोरड्या मुलखात ते जगते आणि आपल्याकडच्या धुवाधार पावसातही कुजत नाही. उन्हाळ्याची होरपळ सोसते, मुळांशी पाणी साचले तरी तक्रार करत नाही. आणि आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याला खारे पाणी आणि खारी हवा चालते.

आपल्या पाताळगंगेचेच उदाहरण घेऊ. खोपोलीला १९१५ साली टाटांचे वीजघर सुरू झाले. घाटावरच्या धरणांतून येणारे पाणी वीज तयार करून झाले की पाताळगंगेत सोडले जाते. म्हणून भर उन्हाळ्यातही ही नदी वाहती असते. सावरोलीहून खारपाड्याकडे जाणारा रस्ता धरला की खोरे हळूहळू सपाट होत जाते, आणि पुढे नदी धरमतरच्या खाडीला मिळते. खारपाडा या नावातच खार आहे. तिथून पेण, अलिबाग, उरणकडे भरतीच्या पाण्याने खारावलेल्या जमिनी लागतात. या जमिनींत भात पिकवायचे तर वेगळे वाण लागते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने त्यासाठी पनवेल-१, पनवेल-२ अशा जाती तयार केल्या. खाऱ्या मातीत बहुतेक फळझाडांचा जीव घुसमटतो. मुळांभोवतीचे मीठ पाणी ओढू देत नाही, पानांच्या कडा करपतात. उन्हातान्हात काम करणाऱ्या माणसाला त्याच्याच शेताच्या बांधावर सावली मिळत नाही.

करंज मात्र डोंगराच्या ओढ्यापासून खाडीच्या काठापर्यंत सगळीकडे दिसतो. त्याची शेंग पाण्यावर तरंगते. पावसाळ्यात ओढ्यात पडलेली शेंग वाहत जाते आणि अडकेल तिथे रुजते. म्हणजे वरच्या अंगाला डोंगरात आणि खालच्या अंगाला खाडीत, दोन्हीकडे याची सोयरीक आहे. कोकणातल्या जुन्या लोकांना याची किंमत ठाऊक होती. रॉकेल येण्यापूर्वी करंजेलाचे दिवे जळत. बी गाळून उरलेली पेंड खत म्हणून वापरत. ती आजही वापरतात.

छापलेले तापमान आणि सोसलेले तापमान

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. वर्तमानपत्रात रोज तापमान छापून येते. पुष्कळांना हे माहीत नसते की तो आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर ठेवलेला असतो. थेट ऊन त्याच्यावर पडू नये, अशी मुद्दाम व्यवस्था असते. म्हणजे बातमीत ३८ अंश लिहिले असेल, तर उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला येणारी उष्णता त्याहून पुष्कळ जास्त असते. वरून ऊन, खालून डांबराची धग, बाजूने पत्र्याची किंवा काँक्रीटची भिंत, असा तो तिहेरी मारा असतो.

आपले शरीर ३७ अंशांच्या आसपास चालणारे यंत्र आहे. उष्णता वाढली की त्वचेकडे जास्त रक्त जाते, घाम येतो, तो घाम सुकताना शरीराची उष्णता घेऊन जातो. कोकणातल्या दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही. तो नुसता निथळतो, पाणी आणि मीठ मात्र शरीरातून जाते. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार करताना सपाट प्रदेशासाठी ४० अंशांची आणि किनारपट्टीसाठी ३७ अंशांची पायरी धरते. आपण घाटाखालची माणसे. विदर्भाइतका आकडा नाही, म्हणून निर्धास्त राहणे आपल्याला परवडणारे नाही. आणि आकडासुद्धा कधी कधी कमी नसतो. आपल्याच जिल्ह्यात भिरा येथे २०१७ च्या मार्चअखेर ४६.५ अंश तापमान नोंदले गेले होते.

१६ एप्रिल २०२३ हा दिवस रायगडकर विसरणार नाहीत. खारघरला महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो माणसे मोकळ्या मैदानावर तासन् तास बसली होती. त्या दिवशीचे नोंदलेले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. डॉक्टर म्हणून त्या घटनेतून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. आकडा फार मोठा नसला, तरी उघड्यावर, दमट हवेत, बराच वेळ बसून राहणे जीवावर बेतू शकते.

सावली नेमके काय करते? ती हवेचे तापमान फारसे उतरवत नाही. पण अंगावर थेट पडणारी सूर्याची उष्णता अडवते आणि खालची जमीन तापू देत नाही. झाडाची सावली तर मांडवाच्या किंवा पत्र्याच्या सावलीपेक्षा अधिक चांगली. पत्रा स्वतः तापतो आणि ती धग खाली बसलेल्यांवर टाकतो. झाडाचे पान मुळांनी ओढलेल्या पाण्याची वाफ सोडत राहते, त्यामुळे ते त्या मानाने थंड राहते. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पाच मिनिटे आणि करंजाखाली पाच मिनिटे बसून पाहा. हा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही.

सावलीत आणल्यावर काय करावे

ऊन लागण्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिलीत खूप घाम, थकवा, चक्कर, मळमळ, पायात गोळे येतात. माणूस शुद्धीवर असतो आणि नीट बोलतो. त्याला झाडाखाली आडवे करावे, कपडे सैल करावेत, घोटघोट पाणी, लिंबू सरबत, ताक किंवा जलसंजीवनी द्यावी. जलसंजीवनीची पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाकून ती घरी करता येते. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

दुसरी पायरी उष्माघाताची. अंग भट्टीसारखे तापते, ताप ४० अंशांच्या वर जातो, माणूस बरळतो, ओळखत नाही, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. घाम कधी थांबलेला असतो, कधी चालूही असतो. म्हणून घामावरून निदान करू नये, बोलण्यावरून करावे. इथे एकेक मिनिट मोलाचे असते. १०८ क्रमांकाला फोन करावा. गाडी येईपर्यंत सावलीत ठेवून अंगावर भरपूर पाणी ओतावे, पंख्याने किंवा सुपाने वारा घालावा, बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी इथे उपयोगी पडत नाही. खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ठेवायचा तर ठेवा, पण जेवताना तोच कांदा खा, आणि वर दोन पेले पाणी प्या.

म्हातारी माणसे, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, दारू पिणारे, ब्लडप्रेशरसाठी पाणी उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे आणि मानसिक आजाराची काही औषधे घेणारे यांना ऊन लवकर बाधते. गोळ्या मनाने बंद करू नयेत. दुपारी बारा ते तीन बाहेर पडणे टाळावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे, हे समजावे.

करंजेल : कुठे उपयोगाचे, कुठे नाही

करंज म्हटले की आपल्याकडे सावलीपेक्षा तेलच आधी आठवते. चरकसंहितेत खाज शमवणाऱ्या दहा औषधांच्या गणात नक्तमाल, म्हणजे करंज, आहे. वाग्भटाने दातणासाठी सांगितलेल्या झाडांतही करंजाचे नाव येते. मी ॲलोपथीचा डॉक्टर असलो, तरी इतक्या जुन्या अनुभवाला नाक मुरडण्याचे कारण नाही. बियांमध्ये साधारण तिसरा हिस्सा तेल असते, त्यात करंजिनसारखी कडू द्रव्ये असतात आणि किडींना ती सोसत नाहीत.

परंतु दवाखान्यात मला दिसते ते असे. एक आजी नातवाला घेऊन येतात. पोराच्या बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, पोटावर पुरळ, रात्रभर खाजवणे. अंगाला करंजेल चोपडलेले. "डाक्तर, महिना झाला लावत्येय, थोडं कमी होतं नि परत येतं." मी विचारतो, घरात आणखी कोणाला खाज आहे का? "सगळ्यांनाच हाय की!" इथेच गोम आहे. ही खरूज. सूक्ष्म किडा कातडीत घर करतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो. एकट्या पोराला तेल लावून ती जात नाही. घरातील सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत डॉक्टरांनी दिलेले मलम लावायचे, सकाळी धुवायचे आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावायचे. अंथरूण-पांघरूण, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. तान्ह्या बाळासाठी आणि गरोदर स्त्रीसाठी कोणते मलम चालेल, ते डॉक्टरांना विचारावे.

नायट्याचेही तसेच. गोल चट्टा, कडेला लाल, मधे साफ. त्यावर कोणी करंजेल लावतो, कोणी दुकानातून मिश्र मलमाची ट्यूब आणतो. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते आणि मग नायटा दुप्पट पसरतो. तेव्हा आधी निदान, मग औषध. कोरड्या त्वचेला थोडे करंजेल चोळण्याला माझी हरकत नाही. पण उघड्या जखमेवर, डोळ्यांजवळ, तान्ह्या बाळाच्या नाकाकानात ते घालू नये. हे तेल खाण्याचे नाही. मुलांनी बिया खाल्ल्या तर मळमळ, उलट्या होतात. बाटलीवर नाव लिहून ती स्वयंपाकाच्या तेलापासून दूर ठेवावी.

लावायचा कुठे आणि कसा

करंज लावण्यासारखी सोपी गोष्ट नाही. उन्हाळ्यात पडलेल्या वाळक्या शेंगा गोळा कराव्यात, टरफल फोडून बी रात्रभर पाण्यात भिजवावे आणि पिशवीत माती भरून पेरावे. ताजे बी दोन-तीन आठवड्यांत उगवते. वर्षभराची रोपे पहिल्या पावसात जागेवर लावावीत. दोन झाडांत वीसएक फूट अंतर हवे. मुळे आडवी पसरतात, त्यामुळे घराच्या भिंतीपासून आणि विहिरीच्या कठड्यापासून लांब लावावा. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात थोडे पाणी घातले की पुढे तो आपला आपण जगतो. गुरे त्याचा पाला फारसा आवडीने खात नाहीत, म्हणून रस्त्याकडेलाही तो टिकतो.

जागा निवडताना मात्र माणसांचा विचार करावा. वनमहोत्सवात झाडे लागतात ती बहुधा कुंपणाच्या कडेने, फोटोला बरी दिसतील अशी. मी म्हणेन, माणसे जिथे थांबतात तिथे झाड लावा. एस.टी.चा थांबा, शाळेचे पटांगण, आरोग्य उपकेंद्राची ओसरी, रेशन दुकानाची रांग, सार्वजनिक नळ, आठवड्याच्या बाजाराची जागा, वीटभट्टीवर पोरांना झोळीत टाकतात तो कोपरा, कारखान्याच्या फाटकाबाहेर ठेकेदाराची वाट पाहत कामगार उभे राहतात ती जागा. खाडीकाठच्या गावांनी बांधावर आणि गावाच्या वेशीवर लावावा. तिथे आंबा खाऱ्या मातीला कुरकुरेल, करंज कुरकुरणार नाही.

मुंबई-गोवा महामार्ग रुंद होताना पनवेलपासून पुढे रस्त्याकडेची कितीतरी जुनी झाडे गेली. रस्ता हवाच. अपघातात सापडलेला रुग्ण वेळेवर इस्पितळात पोचवायला मलाही चांगला रस्ता हवा असतो. पण झाड पाडायला अर्धा तास लागतो आणि दहा माणसांना बसता येईल इतकी सावली उभी राहायला दहा वर्षे लागतात. मधली दहा वर्षे त्या थांब्यावरची म्हातारी उन्हात उभी राहते, हा हिशेब कोणत्याच अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो. म्हणून असलेला करंज आधी वाचवावा. त्याच्या बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा आवळून बांधू नये, खोडाला खिळे ठोकून पाट्या लावू नयेत, पालापाचोळा त्याच्या बुडाशी जाळू नये.

वाचकहो, ग्रामपंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेत एवढा एकच विषय मांडा : आपल्या गावात दुपारी माणसे थांबतात अशा पाच जागा कोणत्या, आणि त्यांतल्या किती जागी सावली आहे? ज्या जागी नाही, तिथे या पावसाळ्यात करंजाचे एक रोप लागू द्या. बी फुकट आहे, पाणी थोडे लागते, आणि सावलीला रेशनकार्ड दाखवावे लागत नाही.